डिप्रीशिएट की डिव्हॅल्यू? 'कोणी केलं' एवढं विचारून भागतं का?

चलनवाला: चलनाची किंमत घसरली की बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी घालतात, ते चूक आहे. डिव्हॅल्यूला करणारा लागतो. चलनाचा दर सरकारने बांधलेला असतो आणि सरकारच तो उतरवतं. ब्रिटनने १८ नोव्हेंबर १९६७ रोजी पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला, ते अवमूल्यन, म्हणजे डिव्हॅल्यू. सप्टेंबर १९९२ मध्ये चलनांचे दर ठरावीक पट्ट्यात बांधणाऱ्या युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडल्यावर पौंड बाजारात घसरला, तो डिप्रीशिएट झाला. 'कोणी केलं?' विचारा, शब्द सापडतो.

लेखापाल: हिशेबाच्या वहीत ही कसोटी आपटते. तिथे डिप्रीशिएटलाही कर्म चालतं: कंपनी यंत्र डिप्रीशिएट करते. यंत्र १,००,००० चं, अखेरीस भंगाराचे १०,००० धरले, आयुष्य ५ वर्षं. दरसाल १८,००० घसारा. यंत्राला बाजारात काय भाव येईल याच्याशी या आकड्याचं देणंघेणं नाही, नुसता खर्च वर्षांवर वाटलेला असतो. जमिनीचं आयुष्य संपत नाही, म्हणूनच भाव पडला तरी तिच्यावर घसारा लावत नाहीत. पेटंटसारख्या हात न लावता येणाऱ्या मालमत्तेचा खर्च असाच वाटला तर अ‍ॅमॉर्टाइज.

चलनवाला: आणि दोन वर्षांतच त्या यंत्राची गरज संपली तर?

लेखापाल: मग इम्पेअर. वहीत ६४,००० शिल्लक आहेत. विकून किंवा वापरून, ज्यात जास्त सुटतील तो आकडा धरायचा. तो ५०,००० आला तर १४,००० एका फटक्यात तोट्यात. इथे मात्र खरोखर किंमत तपासलेली असते. दोन्हीला 'घसारा' लिहिणारे भाषांतरकार ताळेबंदाची वाट लावतात.

शब्दखोड: चलनातही कसोटी लंगडीच आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात चांदीच्या नाण्यांत तांबं वाढवत नेलं. राजाचा चेहरा समोरून कोरलेला, त्यामुळे उंच नाकावरची चांदी आधी झिजायची आणि लालसर तांबं उघडं पडायचं. करणारा प्रत्यक्ष राजा, तरी शब्द डिबेस. कारण दर्शनी किंमत तीच, कस मात्र उतरलेला. आणि ११ ऑगस्ट २०१५ ला चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा मध्यदर (ज्याच्या आसपास दिवसभराचे व्यवहार होतात तो दर) सुमारे १.९ टक्के उतरवला, वर यापुढे आदल्या दिवशीचा बंद भाव विचारात घेऊ म्हणाली. आता करणारा कोण, बँक की बाजार?

चलनवाला: त्या दिवसापुरती बँक, म्हणून डिव्हॅल्यू. पुढची घसरण डिप्रीशिएट. डिबेससाठी 'दर बदलला की धातू?' हा दुसरा प्रश्न लागतो, कबूल. पण तरंगतं, म्हणजे दर न बांधलेलं, चलन 'बाजाराने डिव्हॅल्यू केलं' असं कोणी लिहिलं तर मी खोडणारच.

शब्दखोड: खुशाल खोडा. पण एखाद्याच्या कामाला कमी लेखलं तरी इंग्रजीत डिव्हॅल्यूच म्हणतात. तिथे कुठला दर बांधलेला होता?