गोल्फच्या पटरचा टणटणीत आवाज घरच्या घरी मऊ करता येईल का?

शेवटचे_तीन_फूट

नमस्कार मंडळी. माझा पटर (चेंडू होलकडे घरंगळवायचा क्लब) जुन्या धाटणीचा, स्टेनलेस स्टीलचा ब्लेड, म्हणजे अरुंद, चपट्या हेडचा आहे. फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, गुळगुळीत, त्यात मऊ तुकडा (इन्सर्ट) बसवलेला नाही. मागे खोबण आणि खाली सोलमध्ये, म्हणजे तळाला, लांब चीर. याच्याइतका नेम दुसऱ्या कुठल्याच पटरने बसत नाही, म्हणून बदलायचा नाहीये. पण चेंडूला लागला की असा टणकन आवाज येतो की चेंडू फार जोरात गेला असंच वाटतं, आणि पुढच्या पटला (पटरच्या फटक्याला) हात आपोआप आखडतो. लांबचे पट होलच्या अलीकडेच थांबतात. फेसवर सँडपेपर मारला तर मऊ लागेल का? की जाड ग्रिप चढवू? स्पर्धा खेळतो, त्यामुळे पटर नियमात बसायला हवा.

जुनी_ग्रिप

सँडपेपर आधी लांब ठेवा, कळकळीने सांगतो. लोकांचे क्लब दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हाताने घासलेला फेस पुन्हा सपाट करता येत नाही. कागद कडेला जास्त खातो, मध्ये कमी. पटरला लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) असतो जेमतेम तीन-चार अंशांचा, त्यात थोडा जरी फरक पडला तरी चेंडू सुरुवातीलाच उडी मारतो किंवा गवतात दबतो. आणि फायदा काय? मिल्ड, म्हणजे यंत्राने रेघा कोरलेला, फेस मऊ लागतो कारण त्याच्या खोल रेघांमुळे चेंडूला टेकणारा धातूच कमी होतो. सँडपेपरच्या ओरखड्यांना तेवढी खोली येत नाही.

तुम्हाला खुपतोय तो आवाज. तुमच्या लिहिण्यातही तोच आलाय. चेंडू आणि फेस एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. हाताला झणझण कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे आवाज मारलेला पट बिघडवत नाही, पुढचा बिघडवतो, कारण मनात जोराचा अंदाज त्याच्यावरून बसतो. खात्री करायची तर कानात बोळे घालून सरावाच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) थोडे पट मारा. टणकपणा बराचसा नाहीसा झाला तर धातूला हात लावायचं कारणच नाही.

आता ती चीर. सोलमध्ये चीर असली की फेस खालून मोकळा सुटतो आणि पातळ पत्र्यासारखा थरथरतो, म्हणून नाद लांबतो. कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९ मध्ये जो पटर काढला त्याच्या अशाच खणखणीत आवाजावरून 'पिंग' हे नाव पडलं. कित्येकांना तो आवाज मनापासून आवडतो. तुम्हाला नकोय, तर थरथर दाबायची.

पटर ग्रिपच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरून लोंबकळू द्या आणि दुसऱ्या हाताने चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर टेकवून मारा. टिंऽऽग असा लांबत जाणारा नाद ऐका. मग भिंतीवर कागद चिकटवायची ती मळता येणारी पुट्टी असते ना, तिचा सुपारीएवढा गोळा खोबणीत, फेसच्या पाठीमागे, अंगठ्याने घट्ट दाबून बसवा. पुन्हा मारा. नाद तुटून नुसता 'टक' राहतो. गोळा हेडच्या टोकाकडे, टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) सरकवून पाहा. मध्यावरच सगळ्यात जास्त फरक जाणवेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात काहीही कायमचं होत नाही. पुट्टी काढली की पटर पहिल्यासारखा.

आवाज पसंत पडला तर कायमचं काम करा. खोबण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटांचं तेल राहिलं तर काही टिकत नाही. गाडीच्या दाराच्या आत आवाज मारायला जी ब्युटाइलची (चिकट रबराची) टेप लावतात, तिचा तुकडा खोबणीच्या आकाराचा कापा, कोपरे गोल करा, आणि चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत दाबून बसवा. चिरेत लवचीक सिलिकॉन भरलं तरी चालेल. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून भरा आणि दिवसभर हात लावू नका. इपॉक्सी मात्र नको. ते दगडासारखं होतं, मन बदललं तर कोरून काढावं लागतं.

हळू_ग्रीन

वरचं सगळं पटलं, फक्त एक भर. आधी चेंडू बदलून पाहा. आयोनोमर या टणक प्लास्टिकच्या कव्हरचा कडक टू-पीस (दोन थरांचा) चेंडू वापरत असाल तर मऊ युरेथेन कव्हरच्या चेंडूने त्याच पटरचा आवाज खाली येतो. एकही पेच न फिरवता.

जाड ग्रिपबद्दल: ती वजनदार असेल तर भार हाताकडे जातो आणि हेड हलकं वाटायला लागतं. लांबचे पट आधीच आखूड पडताहेत, त्यात हे नको. फोमची हलकी जाड ग्रिप बघा, नाहीतर सोलला शिशाची टेप लावा. जुन्या ब्लेडची हेडं आजच्या मानाने हलकी असतात, चार-पाच ग्रॅमनेही फरक कळतो. टेप मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी लावा. शिसं आहे, लावल्यावर हात धुवा.

जुनी_ग्रिप

चेंडूचं बरोबर आहे, ते मीच आधी सांगायला हवं होतं.

नियमांचं राहिलं. शिशाची टेप फेरीआधी लावलेली चालते. फेरी सुरू झाल्यावर क्लबच्या गुणधर्मात मुद्दाम बदल करून त्याने फटका मारला तर नियम ४.१ खाली अपात्र ठरवतात. खेळताना आपोआप सुटलेली टेप त्याच जागी परत लावता येते. खोबणीत काही चिकटवलंत तर स्पर्धेआधी समितीला पटर दाखवून घ्या, पहिल्या टीवर वाद नको. आणि पुट्टी लावलेला पटर सरावापुरताच, स्पर्धेत नाही.

शेवटचे_तीन_फूट

कानात बोळे घालून पाहिलं. हात खरंच सुटला, लांबचे पट होलपर्यंत जायला लागले. पुट्टीने आवाज छान उतरला, पण अगदी मेल्यासारखा झालाय. टोकाला लागला की मध्यावर, ते कळतच नाही.

जुनी_ग्रिप

मग जास्त दाबलंत. मध्यावर लागलेला आणि टोकाला लागलेला यांतला फरक ऐकू यायलाच हवा, नाहीतर चुकलेला पट सुधारणार कशावरून? गोळा निम्मा करा, पुन्हा लोंबकळता धरून मध्यावर आणि टोकाला आलटून पालटून चेंडू मारा. दोन आवाज वेगळे ऐकू येतील तिथे थांबा. ब्युटाइलचा तुकडा साधारण तेवढ्याच आकाराचा कापा, आणि चीर मोकळीच राहू द्या.