ऑफिसचं लॅन मधेच मरतं, रीस्टार्ट केलं की कधी येतं कधी नाही, वायरिंग बदलू का?

जीएसटीवाला_इचल

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत छोटं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, मी तिथं अकाउंटंट, पण "तुला त्यातलं कळतंय" म्हणून नेटवर्कचं झेंगट माझ्याच गळ्यात. 9 मशीन आहेत, एक 16 पोर्टचा साधा स्विच, फायबरबरोबर आलेला राउटर आणि एक नेटवर्क प्रिंटर. टॅलीचा डाटा एका विंडोज 10 प्रोच्या पीसीवर शेअर केलाय, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो.

त्रास असा की सकाळी आल्या आल्या दोन-तीन मशीनला नेट पण नसतं आणि झेड ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरवर, लाल फुली. रीस्टार्ट मारला तर कधी येतं कधी नाही. बरं ठराविक मशीन असतं तर तेच धरलं असतं, पण आज हे उद्या ते. दुपारी चालू एंट्रीत टॅली एकदम बाहेर फेकतं, प्रिंटर मनाला येईल तेव्हा ऑफलाइन. आणि वर सरांच्या केबिनमध्ये मोबाइलवर वायफाय झकास चालतं, त्यामुळं सरांना वाटतं आम्हीच कायतरी उद्योग करतोय. हार्डवेअरवाल्यानं स्विच बदलून दिला, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. आता म्हणतोय सगळी केबल नवीन ओढा. 20 तारीख तोंडावर, सगळ्यांचे जीएसटीचे 3बी रिटर्न भरायचेत. वायरिंगला पैसे घालायच्या आधी काय बघता येईल का?

खटपट्या_सोलापूर

सगळ्यांना स्टॅटिक आयपी, म्हणजे हातानं दिलेला पक्का पत्ता, टाका विषय संपला. आमच्याकडं असंच व्हायचं, एकेक मशीनला नंबर देऊन टाकला, तेव्हापासून कटकट नाही.

लॅनवाली_ताई

खटपट्या, स्टॅटिक टाकून बंद होईलही कदाचित, पण मग कारण तसंच पडून राहणार आणि पुढच्या महिन्यात कुणी नवीन लॅपटॉप आणला की पुन्हा बोंब. आधी बघू तरी काय मोडलंय.

इचलकर, मशीन बदलत राहतंय म्हणजे मला केबलचा संशय कमी वाटतो, केबल खराब असली की त्याच मशीनला त्रास होतो, ती काय जागा बदलत नाही. उद्या सकाळी एखादं मशीन रुसलं की रीस्टार्ट अजिबात मारू नका, पुरावा जातो त्यात. कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग स्पेस स्लॅश ऑल टाका आणि मोबाइलनं फोटो काढा. शेजारच्या चालू मशीनवर पण तेच करा. दोन्ही फोटोंत आयपी ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनला पत्ता वाटणारा) या तीन ओळी जुळतात का बघा. आयपी 169.254 नं सुरू होत असेल तर त्या मशीनला पत्ता द्यायला कुणी आलंच नाही, मग केबल, पोर्ट, स्विच बघायचं. पण पत्ता मिळालाय आणि तो वेगळ्याच घरचा आहे, तर गोष्ट वेगळी.

मग पिंग, म्हणजे समोरचा उत्तर देतो का बघायची कमांड. आधी राउटरला, मग सर्व्हरला, मग 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला. राउटर आणि सर्व्हर दोघं उत्तर देतायत आणि बाहेरचं येत नाही तर फायबरवाल्याला फोन करा. घरातलंच उत्तर देत नसेल तर त्याला फोन करून काही उपयोग नाही, तो येऊन मॉडेम बंद-चालू करून जाईल.

अजून दोन प्रश्न. केबिनमध्ये वायफाय कुठल्या राउटरचं येतं? आणि स्विच यूपीएसवर आहे का?

टॅली_दादा

ताई बरोबर सांगतायत, मी फक्त टॅलीचं बोलतो. सेव्ह होताना लाइन तुटली तर डाटा खराब होऊ शकतो, तेव्हा हे सगळं मिटेपर्यंत रोज संध्याकाळी बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका बाबांनो, पेनड्राइव्हवर नाहीतर दुसऱ्या मशीनवर. कंपनी उघडताना एरर आली तर टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून रिपेअर आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय रिपेअरला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक लाल फुलीला घाबरू नका, ड्राइव्ह 15 मिनिटं कुणी वापरला नाही तर विंडोज स्वतःच कनेक्शन सोडतं, डबल क्लिक केलं की उघडतो. डबल क्लिक करूनही उघडत नाही ती फुली खरी.

जीएसटीवाला_इचल

ताई सापडलं वाटतंय!! चालू मशीनवर आयपी 192.168.1.34, गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर दोन्ही 192.168.1.1. बंद मशीनवर आयपी 192.168.0.103 आणि गेटवे, डीएचसीपी सर्व्हर 192.168.0.1. हे 0.1 कोण ते आम्हाला माहीतच नव्हतं, तर केबिनमध्ये टीव्हीच्या मागं एक जुना राउटर निघाला. सरांना रेंज येत नव्हती म्हणून त्यांच्या मुलानं घरचा आणून भिंतीतल्या लॅन पॉइंटला जोडलाय, दिवाळीपासून आहे म्हणे. आमचा त्रासपण साधारण तेव्हापासूनचाच. स्विच माळ्यावर आहे, त्याला साधा प्लग, यूपीएस फक्त मशीनला. सर्व्हरला आधीच्या माणसानं 192.168.1.10 स्टॅटिक टाकून ठेवलाय.

पण एक कळत नाही, तो राउटर रोजच आहे तर रोज सगळीच मशीन बंद का पडत नाहीत, आणि सरांचा मोबाइल कसा काय चालतो?

लॅनवाली_ताई

हेच ते. एका एसटीत दोन कंडक्टर तिकीट फाडतायत. मशीन चालू झालं की ते सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, मला पत्ता कोण देतंय, आणि तुमच्याकडं दोन राउटर उत्तर देतात. ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता बहुतेक वेळा मशीन घेतं. फायबरच्या राउटरचा मिळाला तर सगळं चालणार. केबिनवाल्याचा मिळाला तर मशीन 0 च्या घरात जाऊन बसतं, तिथून 1.10 चा सर्व्हर दिसत नाही आणि त्या राउटरच्या मागं इंटरनेटची वायरच नाही. म्हणून नेट आणि ड्राइव्ह दोन्ही एकदम जातात. मोबाइलचंही तसंच, वायफाय केबिनच्या राउटरचं असलं तरी पत्ता केबलमधून येऊन फायबरच्या राउटरनं दिला की तो मजेत चालतो. सरांचं नशीब बरं आहे इतकंच, आणि एकदा मिळालेला पत्ता मोबाइल बराच काळ धरून ठेवतो.

दुपारचं कोडं पण यातच आहे. इचलकरंजीत लाइटचा झटका नवीन नाही, लाइट क्षणभर गेली की मशीन यूपीएसवर तगतात पण माळ्यावरचा स्विच बंद होऊन चालू होतो. मशीनला वाटतं केबल काढून लावली, ते जुन्या पत्त्याची पुन्हा खात्री करायला जातं, त्यात दुसरा राउटर हा पत्ता माझ्या हद्दीतला नाही म्हणून नाकारू शकतो, मग पहिल्यापासून लॉटरी. तेवढ्यात टॅलीनं हात वर केलेले असतात. स्विच बदलल्यावर बरं वाटलं तेही असंच, त्या वेळी सगळ्यांना योगायोगानं बरोबर पत्ते मिळाले असणार.

आता करायचं काय. केबिनमधला राउटर फेकू नका, सर रागावतील आणि रेंजची गरज खरी आहे. त्याची केबल भिंतीतून काढा, एक लॅपटॉप थेट त्याला जोडा, 192.168.0.1 ला जाऊन लॉगिन करा. ॲक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय द्यायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तोच निवडा. नसेल तर आधी डीएचसीपी बंद करा, मग त्याचा लॅन आयपी बदलून 192.168.1.2 करा. आयपी बदलला की जुना पत्ता उघडणार नाही, घाबरू नका. भिंतीतली केबल लॅन पोर्टलाच लावायची, वेगळ्या रंगाच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला लावली तर केबिनचं आत वेगळंच नेटवर्क तयार होईल आणि सरांच्या लॅपटॉपवरून प्रिंट देताना नवीन रडगाणं.

मग फायबरच्या राउटरमध्ये जाऊन डीएचसीपीची रेंज 192.168.1.100 ते 200 करा. सध्या ती 2 पासून सुरू असेल तर उद्या कुणाच्या तरी मोबाइलला सर्व्हरचा 10 नंबर मिळेल आणि आयपी कॉन्फ्लिक्टचा (एकच पत्ता दोघांना) नवीन धागा काढावा लागेल तुम्हाला. प्रिंटरला 20 देऊन टाका आणि विंडोजमध्ये प्रिंटरचा पोर्ट त्याच पत्त्यावर करा. खटपट्याचं म्हणणं इथं खरं आहे, सर्व्हर आणि प्रिंटर पक्क्या पत्त्यावर हवेत, बाकीच्यांना राउटरला देऊ द्या. आणि स्विच, राउटर, फायबरचा डबा तिन्ही एका छोट्या यूपीएसवर घ्या, लोड अगदी किरकोळ असतो.

खटपट्या_सोलापूर

मान्य ताई. आमच्या इथं पण दुसरा राउटर असणार बहुतेक, बघतो आता कुठल्या टेबलाखाली आहे ते.

लॅनवाली_ताई

सापडत नसेल तर रुसलेल्या मशीनवर गेटवेला पिंग करून एआरपी मायनस ए टाका. समोर जो मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या डब्याचा स्वतःचा नंबर, येतो तो राउटरच्या खालच्या स्टिकरशी जुळवायचा, एखाद-दुसरा आकडा पुढंमागं असू शकतो. तेही नको असेल तर पिंग चालू ठेवून स्विचमधली एकेक केबल उपटायची, ज्या केबलला पिंग थांबलं त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला चोर. फक्त हे ऑफिस सुटल्यावर करा, नाहीतर लोक मारतील.

जीएसटीवाला_इचल

केलं सगळं. सगळी मशीन 1 च्या घरात आली, लाइट मुद्दाम मेनपासून पाडून बघितली, यूपीएसमुळं कुणाला कळलंपण नाही. ताई लई उपकार. आता फक्त एक मशीन उरलंय, कोपऱ्यातलं, ते एकटंच अजून अधूनमधून तुटतं. आयपी बरोबर आहे. स्पीड कधी 1 जीबीपीएस दाखवतं कधी 100 एमबीपीएस. हार्डवेअरवाला म्हणतोय बघा मी सांगितलं होतं वायरिंग.

केबल_मास्तर

हे मात्र केबलचंच, पण एका केबलचं, सगळ्या ऑफिसचं नाही. 100 ला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. 1 जीबीपीएसला चारही लागतात. स्पीड असा वरखाली होतोय म्हणजे बहुतेक निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट टेकत नाही. आधी फुकटातली गोष्ट करा, चांगल्या मशीनची भिंतीपासूनची पॅच कॉर्ड इथं लावून बघा. फरक नाही पडला तर दोन्ही टोकं कापून नवीन कनेक्टर मारा, दोन्हीकडं एकच क्रम, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची लॉकची जीभ तुटलेली असेल तर तेच कारण, खुर्ची लागली की हलतं.

टोक कापाल तेव्हा एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल, बाजारात स्वस्तात खपवतात. ती वाकली की तुटते आणि कनेक्टरमध्ये सैल पडते. तशी निघाली तर तेवढी एकच लाइन पूर्ण तांब्याच्या कॅट 6 नं बदला आणि ओढताना लाइटच्या पाइपातून नेऊ नका, जुन्या इमारतीत सगळे तेच करतात. बाकीच्या लाइन 1 जीबीपीएस दाखवत असतील आणि तुटत नसतील तर हात लावायची गरज नाही.

जीएसटीवाला_इचल

खरवडली. पांढरी निघाली, आणि निम्मी लाइन लाइटच्याच पाइपातून गेलीय. तेवढीच बदलायला सांगतो. हार्डवेअरवाल्याला बॉक्सवर काय लिहिलेलं बघून घ्यायला सांगू?

केबल_मास्तर

बॉक्सवर सॉलिड बेअर कॉपर असं स्पष्ट पाहिजे, नुसतं कॉपर किंवा सीसीए (तीच मुलाम्याची ॲल्युमिनियम केबल) लिहिलं असेल तर परत करा. आणि बॉक्सवर विश्वास न ठेवता त्याच्यासमोरच ब्लेड मारा.