तुणाच्या फळीचा रेडिओ बॉक्स: निवेदकाचा आवाज घुमतो, काय करू?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इथे सतारमेकर गल्लीत ४० वर्षं तंबोरे केले. आता वय ७८, गुडघे साथ देत नाहीत, दिवसभर खाटेवर असतात आणि उशाशी रेडिओ लागतो. त्यांच्यासाठी मी घरीच स्टिरिओ एफएम रेडिओ करतेय, उचलून अंगणात नेता येईल असा. ट्यूनर आरडीए ५८०७, अ‍ॅम्प्लिफायर पीएएम ८४०३, १८६५० चे दोन सेल, ३ इंची ४ ओहमचे दोन स्पीकर. सर्किट चालतंय. गाडं अडलंय बॉक्सपाशी.

बॉक्ससाठी अण्णांनी जपून ठेवलेली तुणाची (तूण झाडाच्या लाकडाची) फळी काढून दिली. तंबोऱ्याच्या तबलीसाठी, म्हणजे भोपळ्यावर बसते त्या पातळ फळीसाठी राखलेली, चांगली मुरलेली. बसल्या बसल्या स्वतः रंधा मारून ५ मिमीपर्यंत आणली. "जाड ठेवू नको, लाकूड बोललं पाहिजे," म्हणाले. बाहेरून ३६ × १४ × १२ सेमीचं खोकं झालं, आत सगळं मोकळं, मागे पातळ झाकण.

बाईचा आवाज बरा येतो. पुरुष निवेदक बोलू लागला की पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. डग्ग्यावर थाप पडली की मागचं झाकण फरफरतं. सुतार म्हणतो १८ मिमीचा प्लाय घे, पण मग हा रेडिओ अण्णांना एका हाताने उचलणार नाही. आणि ही फळी मला टाकायची नाही. काही मार्ग आहे का?

रंधा_आणि_पटाशी

झाकणाची फरफर आधी थांबवा. दर ५-६ सेमीवर एक स्क्रू आणि कडेने दार-खिडकीला लावतात ती फोमची पट्टी. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या तक्त्याच्या) मोहात पडू नका. पावसाळ्यात अंगणात नेलात तर कडा फुगतील.

खोक्यातला_आवाज

ताई, अण्णांचं म्हणणं तंबोऱ्यासाठी शंभर टक्के खरं आहे. तारेचा स्वतःचा आवाज अगदी बारीक असतो, तो हवेत पोचवायचं काम तबली आणि भोपळा करतात. म्हणून तबलीने थरथरायलाच हवं. स्पीकरचं उलटं आहे. हवा हलवायला कागदी कोन आहेच. त्याच्या जोडीने लाकूडही बोलू लागलं की त्याचा स्वतःचा एक सूर प्रत्येक शब्दाला चिकटतो. तुमचं पिंप ते हेच. इथे लाकूड मुकं पाहिजे.

फळी मात्र टाकू नका. आहे त्या खोक्याला आतून ६ मिमी प्लायचं अस्तर द्या, भरपूर फेव्हिकॉल लावून, शिकंज्यात रात्रभर दाबून. जाडी दुप्पट केली की ताठपणा साधारण आठपट होतो. तुमची ५ ची ११ होईल, म्हणजे दहापटीच्या वर. वजन १८ मिमीपेक्षा खूप कमी, आणि बाहेरून तूणच दिसेल.

दुसरी गोष्ट, आत दोन आडभिंती हव्यात. आता दोन्ही स्पीकर एकाच हवेत श्वास घेतायत. डावा आत गेला की उजव्याचा कोन बाहेर ढकलला जातो. मधे साडेसात सेमीचा कप्पा सोडा, त्यात सेल आणि सर्किट. ९ मिमीच्या दोन भिंती धरल्या तर दोन्ही बाजूंना साधारण १.४ लिटर उरतं, स्पीकरचा चुंबक वजा जाता १.३. भिंती थोड्या तिरक्या बसवा, समोरासमोरच्या समांतर भिंतींमध्ये एकच सूर अडकून राहतो. प्रत्येक कप्प्यात उशीतला पॉलिएस्टरचा पिंजलेला धागा सैलसर भरा. कापूस नको, दमट होऊन बसतो.

१.३ लिटर पुरेल का, हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतं. स्पीकरच्या मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, फोनवरच्या टोन जनरेटरचा सूर अ‍ॅम्प्लिफायरमधून द्या आणि मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज बघत सूर हळूहळू बदला. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त, तो स्पीकरचा मोकळ्या हवेतला नैसर्गिक सूर. मग ११० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, एका टोकाला टोपी, पाणी ओतून बरोबर १ लिटर भरेल एवढा कापा. त्याच्या तोंडावर स्पीकर घट्ट बसवून पुन्हा मोजा. सूर चढलेला दिसेल, कारण आत कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. दोन्ही आकडे इथे टाका.

तारा_जोडणारा

बॉक्सचं वर आलंच आहे, मी अ‍ॅम्प्लिफायरपुरतं बोलतो. पीएएम ८४०३ च्या दोन स्पीकरांच्या मायनस तारा एकमेकींना किंवा ग्राउंडला जोडू नका. त्याच्या चारही टोकांवर सिग्नल असतो, जोडल्या की चिप गेलीच समजा. स्पीकरच्या तारा आखूड ठेवा, एकमेकींना पीळ द्या आणि अँटेनापासून लांब न्या, नाहीतर एफएममध्ये सूंऽऽ असा आवाज शिरतो. ही चिप २.५ ते ५.५ व्होल्टवर चालते, तेव्हा ५ व्होल्ट करायला बूस्टर लावला असेल तर काढून टाका, सेलवर थेट चालेल. सेल समांतर जोडायच्या आधी दोन्हींचा व्होल्टेज सारखा आहे ना, तेवढं बघा. अँटेना १०० मेगाहर्ट्झला ७५ सेमी पुरते. आणि मोनोचं एक बटण ठेवाच. सिग्नल क्षीण असला की स्टिरिओत खरखर खूप वाढते.

मिरजेची_लेक

मोजलं! मोकळ्या हवेत ११२ हर्ट्झ, १ लिटरच्या पाइपवर १७०. दुसरा स्पीकर ११५ आणि १७२.

अस्तराचं अण्णांना सांगितलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "खरज ऐकू येईल का?" खरज म्हणजे तंबोऱ्याची सर्वांत खालच्या सुराची तार. याचं काय उत्तर देऊ?

खोक्यातला_आवाज

छान मोजलंत. १७० भागिले ११२, त्याचा वर्ग, वजा १. येतं १.३. पाइप १ लिटरचा होता, म्हणजे तुमच्या स्पीकरची स्प्रिंग १.३ लिटर हवेइतकी ताठ आहे आणि तुमचा कप्पाही नेमका तेवढाच. दोन स्प्रिंगा सारख्या झाल्या की सूर १.४१ पट चढतो, म्हणून बॉक्समध्ये १५८ च्या आसपास येईल, धागा भरल्यावर जरा खाली. या मापाच्या रेडिओला हे चांगलं आहे. बॉक्सला हवेची नळी काढून खालचे सूर वाढवायच्या फंदात पडू नका. एवढ्याशा कप्प्यात ती भलतीच लांब लागते, आणि नळीच्या स्वतःच्या सुराखालच्या सुरांना कोनामागचा हवेचा आधारच जातो.

आता अण्णांचा प्रश्न. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) षड्ज १३८ हर्ट्झ धरा, खरजाची तार ६९. तो ६९ चा मूळ सूर हा स्पीकर जवळजवळ देणार नाही, १५८ च्या खाली आवाज वेगाने उतरत जातो. पण खरजाच्या तारेत १३८, २०७, २७७ असे वरचे स्वरही असतात, आणि जवारी (तार टेकते त्या घोडीचा घासून साधलेला माथा) नीट काढलेली असेल तर ते भरपूर असतात. त्यांच्यातलं अंतर ६९ चं, त्यावरून कान खालचा सूर स्वतः उभा करतो. त्यांना सांगा, ज्याने जवारी चांगली काढली त्याचा खरज या रेडिओतही ऐकू येईल. भोपळ्याची भरदार घुमार तेवढी मिळणार नाही.

स्टिरिओबद्दलही सांगून ठेवतो. दोन स्पीकरांत जेमतेम २२ सेमी अंतर राहील. खाटेवर हातभर अंतरावर ठेवला तर डावं-उजवं कळेल. अंगणात लांबून मोनोच वाटेल.

मिरजेची_लेक

१२ दिवसांनी लिहितेय. अस्तर दिलं, भिंती तिरक्या बसवल्या, उशीतला धागा भरला. सूर डावीकडे १५४. उजवीकडे काही केल्या मीटरवर स्पष्ट टोक येईना. मग ४० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. मधल्या भिंतीतून स्पीकरची तार जाते त्या भोकापाशी धूर थरथरायला लागला. एम-सील भरलं, आता १५६.

पिंप गेलं. काल सकाळच्या बातम्यांत निवेदक समोर बसून बोलतोय असं वाटलं.

भोपळा पारखताना मारतात तशी अण्णांनी बॉक्सला बोटाच्या पेराने टिचकी मारली. आधी टण्ण वाजायचं, आता ठक् आवाज येऊन तिथेच थांबतो. "मुकं केलंस," म्हणाले. रात्री गायन लागलं तेव्हा रेडिओ छातीजवळ ओढून घेतला आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली. गाणं संपल्यावर म्हणाले, "मागचा तंबोरा पंचमात जरा उतरलाय."

झाकणाला १४ स्क्रू लागले. आता उचलायला वर चामड्याचा पट्टा लावतेय. त्याचे स्क्रू तुणातून थेट प्लायपर्यंत जायला हवेत ना? ११ मिमीत किती लांबीचे घेऊ?

रंधा_आणि_पटाशी

नुसते स्क्रू नकोत, वजनाने हळूहळू उपटतील. आरपार भोक पाडून ४ मिमीचे नटबोल्ट घ्या, आतून मोठा वॉशर. भोकं मधल्या कप्प्यावर पाडा, म्हणजे स्पीकरच्या कप्प्यांची हवाबंदी मोडणार नाही. आधी २ मिमीचं बारीक भोक पाडा, तूण फाटायची भीती असते.