मदत हवी आहे: ‘फाइंड’ कमांडने जुन्या फायली काढताना आतील बाइंड माउंट कसे वगळावे?

लिनक्स सर्व्हरवरील एका डिरेक्टरीत लाखो लहान फायली साचल्या असून ३० दिवसांहून जुन्या तेवढ्याच काढायच्या आहेत. शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) * च्या जागी सगळी नावे एकदम भरत असल्याने फायली काढणाऱ्या ‘आरएम *’ला आर्ग्युमेंटची (कमांडला दिलेल्या नावांची) यादी फार लांब असल्याची एरर येते. म्हणून फायली शोधणारे ‘फाइंड’ घेतले आणि ‘-डिलीट’ लावण्यापूर्वी, सुदैवाने, ‘-प्रिंट’ने यादी पाहिली. तीत आत बाइंड माउंट केलेल्या (म्हणजे दुसऱ्या ठिकाणची डिरेक्टरी इथेही दिसावी म्हणून जोडल्याने आलेल्या), ज्यांना धक्का लागता कामा नये अशा फायलीही होत्या. फाइलसिस्टिम एकच असल्याने ‘-एक्सडेव्ह’चा (दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये न शिरण्याच्या पर्यायाचा) उपयोग झाला नाही. माउंट काढता येत नाही. ‘-डिलीट’मुळे ‘-डेप्थ’ (डिरेक्टरीच्या आधी तिच्या आतले हाताळणे) आपोआप लागू होऊन ‘-प्रून’ (ठरावीक डिरेक्टरीत न शिरणे) निष्प्रभ ठरते. अशा वेळी ‘-डिलीट’ सोडून ‘-प्रून’सोबत ‘-एक्झेक आरएम’ (सापडलेल्या फायलींवर आरएम चालवणे) वापरणे सुरक्षित ठरेल, की ‘-नॉट -पाथ’ची (ठरावीक मार्गावरील फायली वगळण्याची) अट घालून ‘-डिलीट’च ठेवावे?