अमेरिकेत जिल्हे राज्य बदलायला निघालेत, आपल्याकडे असं जमेल का?

तापीकाठचा:
मंडळी एक डाउट आहे. अमेरिकेत ओरेगनच्या पूर्वेकडच्या काउंट्यांना (आपले जिल्हे समजा) शेजारच्या आयडाहोत जायचंय, १३ काउंट्यांत त्याच्या बाजूने मतदान पण झालं. कारण काय तर राज्य चालतं पोर्टलंडवाल्यांच्या (ओरेगनचं मोठं शहर) हिशोबाने आणि हे शेती-गुरंढोरंवाले, कोणी विचारत नाही. वाचून वाटलं हे तर आपलंच रडगाणं आहे ना भो, मुंबईत नंदुरबार म्हटलं की आधी कुठे आलं ते सांगावं लागतं. तर समजा उद्या नवापूर तालुक्याने मतदान घेऊन ठरवलं गुजरातेत जायचं, तर जाता येईल? भांडण लावत नाहीये, कायदा काय ते सांगा.

रावेरचा केळीवाला:
मतदान झालं म्हणून काही होत नाही भाऊ. तिथे दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी हो म्हणायचं आणि वरून त्यांच्या काँग्रेसने (म्हणजे तिकडची संसद) पण. आयडाहोच्या खालच्या सभागृहाने २०२३ ला चर्चेची तयारी दाखवली, पण ओरेगनवाले कशाला एवढी जमीन सोडतील? आणि लोक तरी कुठे एकमताचे, वालोवा काउंटीत फक्त ७ मतांनी पास झालं.
आपल्याकडे उलटं. घटनेचं कलम ३, संसद साध्या बहुमताने सीमा बदलू शकते. राज्याला मत विचारतात, पण ते ऐकलंच पाहिजे असं नाही, २०१४ ला आंध्र विधानसभेने बिल फेटाळलं तरी तेलंगणा झालंच ना. तालुक्याच्या मतदानाची तर सोयच नाही, ग्रामसभेचा ठराव करा, पेपरात फोटो येईल, बस.

आबा_शहादा:
इथे झालेलं आहे हे. १९६० ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याकडची कितीतरी गावं तिकडे गेली. तवय कोनी इचारं आमले? निझरकडच्या सोयरिकी अजून आपल्याकडेच होतात, लग्नाला जाताना राज्य बदललं ते फक्त पाट्यांवरून कळतं. आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर, ते आज मध्य प्रदेशात.

नवापूरकर:
आमचं स्टेशनच अर्धं इकडे अर्धं तिकडे, प्लॅटफॉर्मवरचा बाक पण दोन राज्यांत, लोक त्यावर बसून फोटो काढतात. पेट्रोल गुजरातेत स्वस्त म्हणून आम्ही तिकडे टाकी भरतो आणि तिकडची मंडळी संध्याकाळी इकडे कशाला येतात ते सांगायला नको, दारूबंदी आहे त्यांच्याकडे. सीमा आहे म्हणून तर दोन्हीकडचे धंदे चालतात! पण खरंच जायचं म्हटलं तर सातबारा, जातीचा दाखला, पोरांची मराठी शाळा, हे सगळं नव्याने कोण निस्तरणार? पेट्रोलच्या चार पैशांसाठी मी तरी नाही जाणार.

तापीकाठचा:
@नवापूरकर सेम टू सेम हो! ओरेगनात ऑन्टारियो म्हणून गाव आहे, आयडाहोला चिकटून. तिथे गांजाची लायसनवाली दुकानं, गिऱ्हाईक बरंचसं आयडाहोचं कारण तिकडे बंदी. आणि त्याच काउंटीने आयडाहोत जायच्या बाजूने मत दिलंय, आता बोला.