केडगाव विसरू नका

दुष्काळात मिशनऱ्यांनी भाकरी दाखवून धर्मांतरं केली, बाकी काही नाही, असं काहीजण म्हणतात. तसं कुठे घडलंच नाही असं मी म्हणणार नाही. पण मग पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं काय?

१८९६-९७ च्या दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, त्यामुळे रमाबाईंच्या शारदा सदनात (विधवांसाठीच्या शाळेत) त्यांची सोय होईना. केडगावला उत्पन्नासाठी घेतलेली जमीन होती, तिथेच बिऱ्हाड थाटलं. तेच पुढे मुक्ती मिशन. नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत: शेती, विणकाम, तेलघाणा, शाळा, छापखानाही! रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं, आणि छपाईचे खिळे (अक्षरं) जुळवायला तिथल्याच बायका. अंध मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकवत.

शारदा सदनात धर्मप्रसार होतो म्हणून १८९३ मध्ये न्या. रानडे, रा. गो. भांडारकर हे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही खरं. त्यांचा आक्षेप मला पटतो. फक्त त्या ३०० जणींना तेव्हा दुसरं कोण आणायला गेलं होतं, हे कुणी सांगेल का?