मदत हवी आहे: घोडी आयाळ आणि शेपटी घासून घासून उघडी करते आहे

रानवाट:
कुम्मैत घोडी, वय ९. हवा उबदार आणि दमट झाली की खाज सुरू होते, थंडीत आपोआप थांबते. गेल्या वर्षीही हेच झालं. शेपटीच्या मुळाशी केस तुटून खुंट राहिलेत, आयाळीखाली कातडी जाड होऊन वळ्या पडल्यात, पोटाच्या मध्यरेषेवरही खपल्या आहेत. खांबाला अंग घासते तेव्हा रक्त निघतं. शेजारच्या ठाणावरचा घोडा मात्र ठणठणीत आहे. बुरशीचं मलम लावलं, फरक नाही. तोंडावाटे इव्हरमेक्टिन (जंतांचं औषध) देऊन झालं, तरी खाज आहेच. ही खरूज की नायटा? स्टेरॉइड टाळून काय करता येईल?

खरारा:
एकाच तबेल्यातला एकच घोडा, ठरावीक ऋतू, आयाळ आणि शेपटीचं मूळ. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय चिलटांच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीचा. तिला स्वीट इच म्हणतात. ही चिलटं (क्युलिकॉइड्स) १ ते ३ मिलिमीटरची असतात, म्हणून चावताना दिसतही नाहीत. नायटा असता तर गोल टक्कल आणि कोंडा दिसला असता. त्यात खाज बेताची असते आणि तो शेजारच्या घोड्याला, माणसालाही लागतो. कोरिऑप्टिस जातीची खरूज बहुधा खुरांच्या वर पायावर येते, घोडा पाय आपटत राहतो.

तरी दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, उवा. भरपूर उजेडात आयाळीच्या मुळाशी केस फाकवून लिखा बघा. दुसरी, पिनवर्म. सकाळी, शेपटीखालचा भाग धुण्याआधी, गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला, काचपट्टीवर लावा आणि पशुवैद्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला द्या. या जंताची मादी अंडी बाहेर कातडीवर घालते, त्यामुळे लिदीच्या नेहमीच्या तपासणीत ती बऱ्याचदा सापडत नाहीत.

रानवाट:
पण इव्हरमेक्टिनने उवा आणि जंत दोन्ही जायला हवे होते ना? आणि जळकं इंजिन ऑइल चोळायचा सल्ला मिळालाय, तो कितपत बरोबर?

पागेकरी:
तिथेच बहुतेकांची गल्लत होते. चावणाऱ्या उवा रक्त पीत नाहीत, कातडीवरचा कोंडा खातात, म्हणून पोटातून दिलेलं औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यांना अंगावरचंच औषध लागतं. लिखा त्यातूनही वाचतात, म्हणून १४ दिवसांनी दुसरा हात द्यायचा. पिनवर्मही इव्हरमेक्टिनला दाद देत नसल्याच्या नोंदी आहेत.

मात्राही पडताळा. नजरेने वजन धरलं की औषध हमखास कमी पडतं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या कुल्ल्याच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६५, लांबी १५० असेल तर वजन साधारण ३४४ किलो. इव्हरमेक्टिनची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. गुरांचं इव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचू नका, टोचल्या जागी गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पोटावरच्या खपल्यांमागे ऑन्कोसर्का नावाचा जंतही असू शकतो. त्याच्या कातडीतल्या अळ्या मरताना खाज काही दिवस उलट वाढते. त्यामुळे औषध दिल्यावर लगेच ‘लागू पडलं नाही’ असं ठरवू नका.

इंजिन ऑइल, रॉकेल अजिबात नाही. कातडी भाजते आणि घोडी ते चाटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोचिडांसाठीचं अमिट्राझ घोड्यावर कधीही वापरू नका. आतड्यांची हालचाल बंद पडून जीवघेणी पोटदुखी होते.

खरारा:
चिलटांचा बंदोबस्त हाच खरा इलाज. सूर्य मावळायच्या तासभर आधी घोडी आत घ्या आणि सकाळी ऊन चढल्यावरच सोडा. ठाणावर मोठा पंखा लावा, झोत थेट अंगावर हवा. वारा वाहता असला की चिलटांना उडता येत नाही, म्हणून पंख्याचा उपयोग बऱ्याच फवाऱ्यांपेक्षा जास्त होतो. साधी मच्छरदाणीची जाळी चालत नाही, तिच्या भोकांतून चिलटं आरामात आत येतात. अगदी बारीक विणीची, मान, पोट आणि शेपटीचं मूळ झाकणारी झूल घ्या. ओली लीद आणि चिखल साचू देऊ नका, चिलटांची पैदास तिथेच होते. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक वापरायचं तर घोड्यांसाठी बनवलेलंच घ्या. तबेल्यात मांजर असेल तर ते अंग सुकेपर्यंत लांब ठेवा, मांजराला हे विषारी आहे.

बेंझिल बेंझोएट जुनं आणि उपयोगी औषध आहे, पण फक्त शाबूत कातडीवर. उघड्या जखमेवर ते झोंबतं आणि घोडी आणखी घासते. खोगिराखालीही लावू नये.

नालबंद:
धुण्याबद्दल एक. पाणी थंड हवं, गरम पाण्याने खाज चाळवते. खपल्यांच्या जागी २ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावून १० मिनिटं ठेवा, नाहीतर त्याचा गुण येत नाही. मग खळखळून धुवा आणि पूर्ण कोरडं करा. खपल्या नखाने उचकटू नका, भिजून सुटतील तेवढ्याच काढा. खराऱ्याचे ब्रश वेगळे ठेवा.

स्टेरॉइडला सरसकट नाही म्हणू नका. रक्त निघेपर्यंत घासत असेल तर पशुवैद्य काही दिवस देतील, आणि तेवढ्यात कातडीला सावरायला उसंत मिळते. धोका खुरांच्या आतल्या सुजेचा, म्हणजे लॅमिनायटिसचा. घोडी लठ्ठ असेल किंवा तिला हा त्रास आधी झाला असेल तर ते आधीच सांगा. औषध चालू असताना खूर गरम लागतात का, घोट्यामागची नाडी जोरात उडते का, ती सारखा पाय बदलते का, हे रोज बघा. अ‍ॅलर्जीची कातडीवरची चाचणी करायची असेल तर स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिन किती आधी थांबवायचं ते विचारून घ्या, नाहीतर निकाल चुकतो.

रानवाट:
आभार. चिकटपट्टीचा नमुना आधी घेते, मगच धुते. झूल फक्त रात्री घालायची की दिवसाही?

खरारा:
दोन्ही वेळा. या ऋतूत झूल खाज सुरू व्हायच्या आधीपासूनच लागते, एकदा कातडी चिडली की नुसत्या झुलीने भागत नाही. रोज एकदा काढून खांदे आणि वक्ष घासले गेलेत का बघा. घामाने ओली झाली तर लगेच बदला, म्हणजे दोन झुली हव्यातच.